वाचनालयाच्या सूचीसाठी जँगो शिकताना

आमचं वाचनालय कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली मान्यता मिळालेलं, ‘ब’ वर्गातलं. मी तिथे देवघेव सांभाळते. पुस्तकांच्या नोंदी ज्या जुन्या प्रणालीत होत्या ती एकाच संगणकावर चालायची, आणि ती बनवून देणाऱ्याने केव्हाच धंदा बंद केला होता. सभासदांची मागणी अगदी साधी होती: पुस्तक जागेवर आहे की कुणी नेलंय, एवढं घरबसल्या फोनवर दिसावं. भर पावसात छत्री सावरत येऊन ‘बाहेर गेलंय’ ऐकून परत फिरणारी वयस्कर माणसं मी वर्षानुवर्षं बघत आले होते. काम बाहेरून करून घ्यावं तर दरवर्षीच्या देखभालीचा खर्च अनुदानात बसेना. माझं बीसीए झालेलं, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा एका सत्रापुरती शिकलेली. कार्यकारिणीच्या बैठकीत मी म्हटलं, मी करते.

काय वापरायचं हे ठरवायला फार वेळ लागला नाही. पायथन थोडंफार येत होतं, म्हणून त्यात वेबसाइट बांधायच्या तयार चौकटींपैकी फ्लास्क आणि जँगो एवढेच पर्याय डोळ्यासमोर होते. जँगो घेतलं ते त्याच्या ॲडमिनसाठी. मॉडेल, म्हणजे कुठली माहिती कुठल्या रकान्यात ठेवायची याची व्याख्या, लिहिलं आणि ॲडमिनमध्ये नोंदवलं की माहिती भरायची, शोधायची, दुरुस्त करायची पानं तयार मिळतात. आमची सगळी दाखल नोंदवही संगणकात उतरवायची होती आणि ती उतरवणाऱ्या सहकाऱ्यांना संगणकाची सवय बेताची. ॲडमिनची सोय जँगोत मुळापासून आहे, त्याचं कारण त्याच्या जन्मात आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचं दैनिक आहे. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी तिथे २००३ मध्ये वृत्तपत्राच्या वेबसाइट झटपट उभ्या करायला जी साधनं बनवली, ती जुलै २००५ मध्ये जँगो म्हणून सगळ्यांसाठी खुली झाली. मजकूर बातमीदार आणि संपादक भरणार, प्रोग्रामर नव्हे, हे तिथे धरूनच चाललं होतं. आमच्याकडेही तेच होतं. हे वाचल्यावर निवड पक्की झाली.

शिकायला सुरुवात व्हिडिओंपासून केली. एक लांबलचक, फुकट कोर्स सापडला. हिंदीत होता, शिकवणाऱ्याची समजावण्याची हातोटी उत्तम होती. पण तो जँगो १.११ वर बेतलेला, आणि माझ्या संगणकावर ४.२. यूआरएलच्या, म्हणजे पानांच्या पत्त्यांच्या, फाइलपाशीच गाडी अडली. व्हिडिओत ‘यूआरएल’ हे फंक्शन आयात करून पत्ते लिहिले होते. माझ्याकडे तीच ओळ लिहिली की टर्मिनल सांगायचं, या नावाचं इथे काही नाही. कारण असं की डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० मध्ये ‘पाथ’ हे नवं, वाचायला सोपं फंक्शन आलं आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये जुनं ‘यूआरएल’ काढूनच टाकलं. पुढे मॉडेलमध्ये पुस्तक आणि लेखक जोडताना तसंच. २.० पासून प्रत्येक फॉरेन कीला, म्हणजे एक नोंद दुसरीला जोडणाऱ्या दुव्याला, ‘ऑन डिलीट’ सांगावंच लागतं, म्हणजे लेखकाची नोंद पुसली तर त्याच्या पुस्तकांचं काय करायचं. व्हिडिओत त्याचा पत्ताच नव्हता, कारण त्या वेळी ते ऐच्छिक होतं.

यात शिकवणाऱ्याचा दोष नाही. व्हिडिओ एकदा तयार झाला की त्यातली एक ओळ बदलणं म्हणजे सगळं पुन्हा चित्रित करणं. पण एकटीने शिकणाऱ्या माणसाला प्रत्येक चूक आपलीच वाटते, आणि निम्मी संध्याकाळ शब्दलेखन तपासण्यात जाते. तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली आणि ती आजही पाळते. कुठलाही धडा, लेख, व्हिडिओ उघडला की आधी बघायचं, हे कुठल्या आवृत्तीसाठी आहे आणि केव्हाचं आहे. दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर बंद. मजकूर कितीही चांगला असला तरी बंद.

या कसोटीला पूर्णपणे उतरलं ते जँगोचं अधिकृत दस्तऐवजीकरण. पानाच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्ती निवडायची सोय आहे, ४.२ निवडलं की समोर येणारं प्रत्येक वाक्य ४.२ चं. एखादी गोष्ट एखाद्या आवृत्तीत नव्याने आली किंवा बदलली असेल तर तिच्याखालीच तसं नोंदलेलं असतं. सगळं दस्तऐवजीकरण उतरवूनही घेता येतं, एचटीएमएल, पीडीएफ, ई-पब असं हवं तसं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे उतरवून घेतलेली प्रत मला फार उपयोगी पडली. लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत अभ्यास चालू.

या दस्तऐवजीकरणाचे चार कप्पे आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय त्यात शिरू नये. पहिला कप्पा ट्युटोरियलचा: हाताला धरून एक छोटं ॲप बनवून घेणारा. दुसरा विषयवार लेखांचा: मॉडेल म्हणजे काय, फॉर्म कसे चालतात. तिसरा संदर्भाचा: प्रत्येक क्लास, प्रत्येक सेटिंग, कोरडेपणाने आणि पूर्ण. चौथा ‘हे कसं करायचं’ असा, एकेका कामाची कृती सांगणारा. मी सुरुवातीला एखादा शब्द शोधून थेट संदर्भाच्या पानावर जायची आणि त्या जंगलात हरवायची. ग्रंथपालनाचं काम करणाऱ्या माणसाला हे कळायला हवंच: संदर्भ विभागातलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नसतं.

ट्युटोरियलमध्ये मतदानाचं एक ॲप आहे. प्रश्न, त्याची उत्तरं, कुणाला किती मतं. दिसायला इतकं किरकोळ की वाचनालयाशी याचा काय संबंध असं वाटतं. पण त्यातली दोन ठिकाणं मला आजही रोज उपयोगी पडतात.

पहिलं ठिकाण मत मोजणीचं. मत आलं की आकडा डेटाबेसमधून आणायचा, एकने वाढवायचा, परत ठेवायचा. ४.२ च्या धड्यात त्याखाली एक छोटी टीप आहे: दोन माणसांनी एकाच क्षणी मत दिलं तर दोघांनाही जुनाच आकडा मिळेल आणि एक मत हरवेल. त्यावर उपाय म्हणून ‘एफ’ एक्स्प्रेशन सांगितलंय, म्हणजे वाढवण्याचं काम पायथनमध्ये न करता डेटाबेसलाच सांगायचं. नव्या आवृत्तीच्या धड्यात तर ते थेट मुख्य कोडमध्येच घेतलंय. आमच्याकडे देवघेवीच्या दोन खिडक्या आहेत, आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत दोन्हींवर रांग असते. एकच प्रत दोन खिडक्यांवरून दोन सभासदांच्या नावावर चढली तर? ती टीप वाचताना हा प्रसंग समोर उभा राहिला. तिथून मी डेटाबेसमधल्या नोंदी थेट बदलणाऱ्या ‘अपडेट’पर्यंत पोचले. आता पुस्तक देताना मी आधी स्थिती वाचून मग बदलत नाही. ‘हा दाखल क्रमांक आणि स्थिती उपलब्ध’ अशी गाळणी लावून एकाच फटक्यात ‘दिलं’ असं करते. किती ओळींना हे लागू झालं तो आकडा ‘अपडेट’ परत देतं. एक आला तर पुस्तक दिलं गेलं. शून्य आला तर दुसऱ्या खिडकीने आधीच दिलंय. चार ओळींचं काम आहे, आणि देवघेवीचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

दुसरं ठिकाण पाचव्या भागातलं, चाचण्यांचं. ट्युटोरियलने आपल्याकडून आधी एक छोटं फंक्शन लिहून घेतलेलं असतं: प्रश्न नुकताच प्रसिद्ध झालाय का, हे सांगणारं. पाचव्या भागात तोच धडा दाखवतो की भविष्यातली तारीख दिली तरी हे फंक्शन ‘हो’ म्हणतं. मग आधी ती चूक पकडणारी चाचणी लिहायची, ती नापास होताना बघायची, मग कोड सुधारायचं. शिकवण्याची ही रीत मला विलक्षण प्रामाणिक वाटली. आमच्या कॉलेजात चाचणी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायच्या व्याख्या होत्या. इथे मी लगेच उठून परतीच्या तारखेसाठी चाचण्या लिहिल्या: मुदत आज संपते तेव्हा दंड नाही, उद्यापासून, आणि सार्वजनिक सुट्टीला मुदत संपत असेल तर पुढचा कामाचा दिवस. तोपर्यंत हा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, सगळ्यांना तोंडपाठ होता एवढंच.

ट्युटोरियलनंतर एमडीएनवरचा जँगोचा धडा केला. मोझिलाच्या या संकेतस्थळावर जँगो शिकवायला जे उदाहरण घेतलंय ते चक्क स्थानिक वाचनालयाचं आहे. पुस्तक, पुस्तकाची प्रत, लेखक, प्रकार. ग्रंथपालाने मुदत वाढवून द्यायचा फॉर्मसुद्धा आहे, मागची तारीख आणि चार आठवड्यांपलीकडची तारीख नाकारणारा. पुस्तक आणि प्रत वेगळी ठेवण्याची समज तिथे फार स्वच्छ मांडली आहे. एकाच कादंबरीच्या पाच प्रती म्हणजे पुस्तक एक आणि दाखल क्रमांक पाच.

पण ते वाचनालय इंग्रजीतलं. तिथे प्रतीला यूयूआयडी, म्हणजे संगणकाने बनवलेला लांबलचक ओळख क्रमांक, दिला आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दाखल क्रमांकच चालतो, शिक्क्याने पुस्तकावर उमटवलेला, आणि तो कधीही दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. पुस्तक फाटलं, वाळवीने खाल्लं, निर्गत झालं तरी क्रमांक नोंदवहीत राहतो. म्हणून ‘ऑन डिलीट’च्या जागी मी सगळीकडे ‘प्रोटेक्ट’ लिहिलं: ज्याला काही जोडलेलं आहे ते पुसताच येणार नाही. लेखकाचंही तसंच. त्या धड्यात नाव आणि आडनाव असे दोन रकाने पुरतात. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेखन बाळकराम म्हणून. आमच्या जुन्या सूचीत ही तीन वेगळी माणसं होती. मी लेखकाच्या मॉडेलमध्ये लेखकालाच जोडणारी एक की ठेवली, टोपणनावाकडून मूळ नावाकडे जाणारी. आता कुठल्याही नावाने शोधलं तरी तिन्ही नावांखालची पुस्तकं एकत्र येतात. मॉडेल रचण्याबद्दल माझ्या मनात उरलेली भीती या एका गोष्टीने घालवली.

इतर साधनांबद्दल थोडक्यात. ज्यांना कमांड लाइन म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची आहे त्यांना ‘जँगो गर्ल्स’चं ट्युटोरियल द्यावं, २०१४ मध्ये बर्लिनला पहिली कार्यशाळा घेऊन सुरू झालेल्या या उपक्रमाने नवख्या माणसाला एकदाही न दुखावता शिकवण्याची भाषा कमावली आहे. आमच्याकडे ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम करणारी एक मुलगी प्रशिक्षणाला यायची, तिला मी तेच दिलं. क्लासवर आधारलेल्या व्ह्यूंमध्ये, म्हणजे पान तयार करून देणाऱ्या कोडमध्ये, नेमकी कुठली मेथड कुठून येते हे कळेनासं झालं की ‘क्लासी क्लास-बेस्ड व्ह्यूज’ या संकेतस्थळावर जावं; तिथे प्रत्येक व्ह्यूच्या सगळ्या मेथड एका पानावर, आवृत्तीनुसार, मूळ कोडसकट मांडलेल्या आहेत. आणि पान उघडताना आत काय चाललंय ते दाखवणारा ‘डीबग टूलबार’ पहिल्या आठवड्यापासून बसवावा. सूचीचं एक पान उघडायला डेटाबेसकडे शेकडो क्वेरी, म्हणजे विचारणा, जाताहेत हे त्यानेच मला दाखवलं. प्रत्येक पुस्तकामागे लेखकाचं नाव विचारायला वेगळी फेरी होत होती. पुस्तकाबरोबरच लेखकही आणणारं ‘सिलेक्ट रिलेटेड’ लिहिलं आणि पान लगेच उघडायला लागलं.

मग आली ती वेळ, जिथे कुठल्याच धड्याचा उपयोग नव्हता, कारण धडे लिहिणाऱ्यांपैकी कुणाला मराठी नावं पत्त्यात घालायची नव्हती.

पुस्तकाच्या पानाचा पत्ता वाचता येण्यासारखा असावा म्हणून जँगोत ‘स्लगिफाय’ नावाचं फंक्शन आहे. शीर्षक दिलं की त्यातली चिन्हं काढून, मोकळ्या जागी आडवी रेघ घालून पत्त्याजोगा शब्द, म्हणजे स्लग, मिळतो. मराठी शीर्षक दिलं तर हाती कोरा शब्द आला. संदर्भाच्या पानावर कारण होतं: नेहमीच्या पद्धतीत इंग्रजीबाहेरची अक्षरं टाकून दिली जातात, इतर लिप्यांसाठी ‘अलाऊ युनिकोड’ चालू करा. केलं. ‘दिवाळी अंक’ दिलं तर मिळालं ‘दवळ-अक’. ‘वाचनालय’चं झालं ‘वचनलय’. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं गायब.

दस्तऐवजीकरणात फंक्शनच्या नावापुढे मूळ कोडकडे नेणारा छोटा दुवा असतो. त्यावर मी पहिल्यांदा गेले ती या दिवशी. जँगोचा कोड म्हणजे आपल्या कुवतीबाहेरचं काहीतरी असेल अशी माझी समजूत होती. ‘स्लगिफाय’ जेमतेम दहा ओळींचं निघालं. त्यात एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना: शब्दातलं अक्षर, मोकळी जागा किंवा आडवी रेघ नसेल ते सगळं काढून टाका. आणि पायथनच्या लेखी ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे ज्याला युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकाने, अक्षर किंवा अंक म्हटलंय ते. आपले काना-मात्रा युनिकोडमध्ये अक्षर नाहीत, जोडचिन्हं आहेत. म्हणून ‘द’ राहतो आणि वेलांटी जाते. जँगोने जाणूनबुजून काही केलेलं नाही; खालच्या थरातली एक व्याख्या आपल्या लिपीला पुरत नाही, एवढंच. मी देवनागरीचा सगळा युनिकोड पट्टा राखणारं छोटं फंक्शन लिहिलं. पण पत्त्यांमधला ‘स्लग’ हा प्रकारही फक्त इंग्रजी अक्षरं मानतो, तिथे ‘स्ट्रिंग’ घ्यावा लागतो. आणि फॉर्मवरची स्लगची तपासणीही त्याच व्याख्येवर चालते. शेवटी मुख्य पत्ता दाखल क्रमांकाचा ठेवला आणि शीर्षक नुसतं शोभेला मागे जोडलं. सभासद व्हॉट्सॲपवर पत्ता पुढे पाठवतात तेव्हा त्यात मराठी दिसावं एवढाच त्याचा उपयोग.

अशीच आणखी एक गोष्ट क्रमवारीची. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. त्यामुळे लेखकांच्या यादीत काळे आधी आणि कावळे, कासार नंतर येत होते, आणि छापील सूचीची सवय असलेल्या आमच्या ग्रंथपाल सरांना ते पहिल्या नजरेत खटकलं. जँगो ३.२ पासून मॉडेलच्या रकान्याला ‘डीबी कोलेशन’, म्हणजे क्रमवारीचा नियम, देता येतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मराठीची क्रमवारी तयार असते, ती तिथे लावली आणि काळे आपल्या जागी गेले. तर याच्या उलट, आनंदाचा एक धक्काही मिळाला. काही सभासद दाखल क्रमांक देवनागरी आकड्यांत टाइप करतात. त्यासाठी रूपांतराचं काहीतरी लिहावं लागेल असं धरून बसले होते; पण मजकुराची संख्या करणारं पायथनचं ‘इंट’ १२३४ ला मुकाट्याने संख्या मानतं, आणि जँगोचा फॉर्म त्यावरच अवलंबून आहे. शोधाचा रकाना साध्या मजकुराचा ठेवायचा, बाकी काही नाही.

सूची सुरू झाली. तिथे शिकणं संपलं असं मला वाटलं नाही, कारण तो जुना व्हिडिओ अजून डोक्यात होता. जी आवृत्ती आज नवी आहे ती उद्या त्या व्हिडिओसारखी होणार. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, आणि दर दोन वर्षांनी एक आवृत्ती दीर्घ पाठिंब्याची, जिला सुरक्षा दुरुस्त्या किमान तीन वर्षं मिळतात. ४.२ एप्रिल २०२३ ची, तिची मुदत एप्रिल २०२६ पर्यंत. ५.२ एप्रिल २०२५ ची, तिला एप्रिल २०२८. हा सगळा तक्ता जँगोच्या डाउनलोडच्या पानावर आहे. मी तो छापून देवघेवीच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. उद्या मी इथे नसले तर माझ्या जागी येणाऱ्याला तो दिसला पाहिजे.

नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या रिलीज नोट्स हे माझ्या मते जँगो शिकण्याचं सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. लोक त्या आवृत्ती बदलताना काही मोडलं तरच उघडतात. मी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. काय नवं आलं, काय जुनं जाणार, आणि बहुतेकदा का, तेही. उदाहरण लॉग-आउटचं देते. ४.२ वर माझ्या पानावर ‘बाहेर पडा’ हा साधा दुवा होता, सगळ्या धड्यांत असतो तसा. आवृत्ती बदलण्याबद्दलच्या कृतीच्या पानावर सांगितलंय की पायथनला सगळ्या सूचना दाखवायला लावून चाचण्या चालवा. तसं केल्यावर पिवळ्या अक्षरांत आलं: गेट विनंतीने बाहेर पडणं ५.० मध्ये बंद होणार, पोस्ट वापरा. गेट म्हणजे नुसतं पान मागणं, पोस्ट म्हणजे फॉर्म पाठवणं. ४.१ च्या नोट्समध्ये ते होतंच. तिथून जँगोच्या कामाच्या नोंदींत गेले तर तिकीट क्रमांक १५६१९, दहा वर्षांहून जुनं. साधा दुवा असेल तर दुसरं कुठलंही पान, एखाद्या चित्राचा पत्ता म्हणून तोच दुवा घालून, तुम्हाला न विचारता बाहेर काढू शकतं. शिवाय सर्व्हरवर काही बदलणारी गोष्ट गेटने होऊ नये हा वेबचा जुना संकेत. एवढ्या किरकोळ दिसणाऱ्या बदलावर किती माणसांनी किती वर्षं शांतपणे विचार केला, कुणाचं काय मोडेल याची चिंता केली, हे त्या तिकिटात ओळीओळीने वाचायला मिळतं. गेट-पोस्टसारख्या एचटीटीपीच्या पद्धतींवरचा कुठलाही धडा मला इतका पक्का समजला नव्हता. मी दुव्याच्या जागी छोटा फॉर्म केला, आणि ५.० वर गेले तेव्हा ते पान मोडलं नाही.

४.२ वरून थेट ५.२ वर उडी न मारता ५.०, ५.१, ५.२ असं एकेक पायरी गेले. दर पायरीला चाचण्या, दर पायरीला नोट्स. ५.० ला पायथन ३.१० लागतं, ५.२ ला पोस्टग्रेस १४, हे आधीच कळल्यामुळे सर्व्हरचं काम एका रविवारी, वाचनालय बंद असताना उरकलं. ५.१ च्या नोट्समध्ये ‘क्वेरी स्ट्रिंग’ नावाचा टेम्प्लेट टॅग दिसला. सूचीत ‘प्रवासवर्णन’ शोधून दुसऱ्या पानावर गेलं की शोधलेला शब्द टिकावा म्हणून मी जे गचाळ कोड लिहिलं होतं ते सगळं त्या एका टॅगने गेलं. ५.२ मध्ये शेल, म्हणजे जँगोला थेट आज्ञा द्यायची जागा, उघडलं की आपली मॉडेल्स आपोआप आयात झालेली असतात. दिसायला लहान सोय, पण रोज सकाळी ‘मुदत उलटलेल्या प्रती’ बघताना हात सुखावतात.

सुरक्षेच्या घोषणा मात्र वेगळ्या, त्या आठ महिन्यांची वाट बघत नाहीत. जँगोचे लोक साधारण आठवडाभर आधी जाहीर करतात की अमुक दिवशी सुरक्षा आवृत्ती येणार, तपशील त्या दिवशीच. त्या दिवशी मी देवघेवीची वेळ संपल्यावर थांबते आणि ती लावूनच घरी जाते. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्या डेटाबेसमध्ये आहेत. त्यांनी ते आमच्यावर विश्वास ठेवून दिलेत.

बाकी घडामोडींसाठी ‘जँगो न्यूज’ हे आठवड्याचं बातमीपत्र पुरतं. त्यात जँगोच्या मूळ कोडमध्ये त्या आठवड्यात काय बदललं याचा छोटा भाग असतो, तो मी आधी वाचते. विल विन्सेंट आणि कार्लटन गिब्सन यांचं ‘जँगो चॅट’ हे पॉडकास्ट एसटीने जिल्ह्याच्या गावी जाताना ऐकते. गिब्सन यांनी बरीच वर्षं जँगो फेलो म्हणून, म्हणजे पगारावर, हे काम सांभाळलंय, त्यामुळे निर्णयांमागची कारणं तिथे खुलेपणाने बोलली जातात. जँगोकॉन या परिषदेतली भाषणं यूट्यूबवर असतात. व्हिडिओबद्दल वर जे लिहिलं ते यांना लागू होत नाही, कारण ती कुठली ओळ टाइप करायची हे सांगत नाहीत, विचार कसा करायचा हे सांगतात, आणि तो इतक्या लवकर जुना होत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये ६.० आली. तिच्या नोट्स वाचल्या; पार्श्वभूमीवरची कामं रांगेत लावायची व्यवस्था आता जँगोतच आली आहे, आणि मुदतीची आठवण पाठवायला मला ती हवी आहे. तरीही आमची सूची ५.२ वरच राहील. इथे सांभाळणारी मी एकटी आहे आणि दर आठ महिन्यांनी बदल आमच्या वाचनालयाला परवडणारा नाही. पुढची दीर्घ पाठिंब्याची ६.२, ती एप्रिल २०२७ मध्ये अपेक्षित आहे. तोपर्यंत दिवाळी अंकांच्या योजनेची नोंद, जी अजून वहीतच चालते, ती सूचीत आणायची आहे. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाने आमचा कोड मागितलाय. तिथल्या मुलाला मी कोडबरोबर ट्युटोरियलच्या ५.२ आवृत्तीचा पत्ता पाठवला, आणि सांगितलं की आधी मतदानाचं ॲप पाचव्या भागापर्यंत स्वतः टाइप करून पूर्ण कर, मग आमची फाइल उघड.